कफ फुगवण्याआधीच चुकलेलं बीपी

वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, पल्स, श्वास यांच्या नोंदींचा कागद) उघडा आणि बीपीचा रकाना वरून खाली वाचत जा. १२०/८०, १३०/८०, ११०/७०, १३०/८०, १४०/९०. सगळे आकडे शून्यावर संपणारे. डायलवर मात्र दोन-दोन मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या दाबाच्या) रेघा असतात. म्हणजे ०, २, ४, ६ आणि ८ हे पाचही शेवटचे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत. दहातले नऊ आकडे शून्यावर संपत असतील, तर तो चार्ट पेशंटपेक्षा लिहिणाऱ्याच्या सवयीबद्दल जास्त सांगतो.

बीपी, श्वास, पल्स, ऑक्सिजन, ताप ही कामं नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवली जातात आणि ‘सोपी’ म्हणून बाजूला पडतात. पण औषधाचा डोस वाढवायचा, पेशंट आयसीयूत हलवायचा की घरी सोडायचा, हे याच आकड्यांवर ठरतं. आणि यांतला बराचसा घोळ मोजण्याच्या क्षणी होत नाही, त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो.

बीपीपासून सुरुवात करू, कारण चुका करायला तिथे सगळ्यांत जास्त जागा आहे.

पेशंट जिना चढून आला, खुर्चीत टेकला आणि लगेच कफ, म्हणजे दंडावरचा हवेचा पट्टा, बांधला, तर तुम्ही जिन्याचं बीपी मोजलं. पाच मिनिटं शांत बसलेला माणूस हवा. मागच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट किंवा व्यायाम झालेला नसावा. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. भरलेल्या मूत्राशयाने बीपी वाढतं, हे विद्यार्थ्यांच्या डोक्यात क्वचितच येतं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. आणि बोलणं बंद, पेशंटचं आणि तुमचंही. ‘कधीपासून दुखतंय, गोळी घेतली का’ हे सगळं कफ सुटल्यावर विचारा. नुसत्या गप्पांनी वरचा आकडा दहाने सहज वर जातो.

हात कुठे आहे, हे सगळ्यांत जास्त वेळा चुकतं. कफ हृदयाच्या पातळीवर हवा, म्हणजे साधारण छातीच्या मधल्या हाडाच्या मध्यावर. हात त्याहून जितका खाली, तितका रक्ताच्या स्तंभाचा दाब आकड्यात मिसळतो: दर सेंटिमीटरला सुमारे पाऊण मिलिमीटर. हात मांडीवर ठेवला आणि कफ दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर सात-आठ मिलिमीटर फुकटचे वाढले. १३४ चे १४२ झाले आणि माणूस ‘बीपीवाला’ ठरला. उलट हात वर धरला तर तितकंच कमी दिसतं. शिवाय हाताला आधारही हवा. पेशंट स्वतः हात उचलून धरत असेल तर स्नायू ताणले जातात आणि आकडा पुन्हा वर सरकतो. टेबल, उशी, नाहीतर तुमचा स्वतःचा हात, काहीही चालेल.

आता कफ. आपण आज वापरतो त्या कफची मूळ कल्पना इटलीतल्या रिव्हा-रोची यांची, १८९६ सालची. त्यांचा कफ जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि त्यावर दाब खऱ्यापेक्षा जास्त यायचा. काही वर्षांतच, १९०१ मध्ये, फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद करायला लावला. सव्वाशे वर्षं होत आली, तरी जाड दंडाला अरुंद कफ बांधून तीच चूक रोज होते. अरुंद कफचा दाब आतल्या धमनीपर्यंत नीट पोचत नाही, ती बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा वाढतो. फार मोठ्या कफने थोडा कमी येतो. दोन्हींत लहान कफची चूक मोठी.

मोजमाप असं: कफच्या आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के, रुंदी ४० टक्के. रोज टेप लावून मोजत बसायला नको. बहुतेक कफवर एक उभी खूण आणि तिच्यासाठी ‘इथून इथपर्यंत’ अशी पट्टी छापलेली असते. कफ गुंडाळल्यावर ती खूण पट्टीच्या आत पडली पाहिजे. बाहेर पडली तर दुसरा कफ आणा. ‘आमच्याकडे एकच कफ आहे’ ही अडचण खरी असते. तेव्हा निदान चार्टवर लिहा की कफ लहान होता. पुढे गोळी लिहिणाऱ्याला ते कळायला हवं.

कफ उघड्या दंडावर बांधायचा. बाही वर सारली आणि ती दंडाला करकचून बसली, तर तो दुसरा पट्टाच झाला. हात बाहीतून बाहेर काढायला लावा. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. पिशवीचा मध्य ब्रेकियल धमनीवर, आणि ही धमनी कोपराच्या घडीत बायसेप्सच्या दोरीसारख्या कंडरेच्या आतल्या बाजूला, म्हणजे शरीराकडच्या बाजूला लागते. ती बोटांनी शोधायची. अंदाजाने स्टेथो टेकवला की आवाज पुसट येतात, आणि पुसट आवाज म्हणजे सुरुवात उशिरा ऐकू येणार, वरचा आकडा कमी लिहिला जाणार.

स्टेथो कानात लावायच्या आधीची एक पायरी हल्ली जवळजवळ सगळेच गाळतात: बोटांनी वरचा दाब काढणं. मनगटावर रेडियल पल्सवर बोटं ठेवा, कफ फुगवत जा, पल्स जिथे नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवा. सगळी हवा सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा. मग स्टेथो ठेवून त्या आकड्याच्या ३० वर फुगवा.

हा उपद्व्याप कशासाठी, ते एका उदाहरणात बघा. वय झालेला, कडक धमन्यांचा पेशंट. खरं बीपी १७८/९६. याचे ठोके १७८ ला सुरू होतात, १६० ला गायब होतात, १३८ ला पुन्हा ऐकू येतात आणि ९६ ला कायमचे थांबतात. मधली बावीस मिलिमीटरची शांतता म्हणजे ऑस्कल्टेटरी गॅप. तुम्ही सवयीने १५० पर्यंतच फुगवलं, तर सुरुवातीलाच त्या शांततेत उतरलात. पहिला ठोका १३८ ला ऐकला, १३८/९६ लिहिलं आणि चाळीस मिलिमीटर हरवले. मनगटावरची पल्स मात्र या गॅपमध्येही बोटाला लागत राहते, म्हणून बोटांनी काढलेला आकडा फसवत नाही. गॅप सापडला तर तोही नोंदवा. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरचं काम वाचेल.

हवा सोडायचा वेग सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर. धडाधड सोडली तर दोन ठोक्यांच्या मध्ये काटा आठ-दहा रेघा खाली उतरलेला असतो. मग वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. पल्स मंद असेल तर आणखी हळू सोडा. एक ठोका चुकला म्हणून मध्येच पुन्हा फुगवू नका. हातात रक्त साचतं आणि आवाज बदलतात. पूर्ण रिकामा करा, एक-दोन मिनिटं जाऊ द्या, मग दुसऱ्यांदा.

आवाजांचे टप्पे कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने १९०५ मध्ये सांगितले. पहिला स्पष्ट, सलग येणारा ‘टक’ म्हणजे वरचा आकडा. आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. काही पेशंटमध्ये, विशेषतः गरोदरपणात, लहान मुलांत किंवा हृदयाची अ‍ॅऑर्टिक झडप गळत असताना, आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहतात. तिथे आवाज जिथे एकदम दबका झाला तो आकडाही लिहायचा: १२४/७०/०. पण त्याआधी स्टेथो जोराने दाबला नाही ना, ते बघा. दाबलेल्या स्टेथोखाली चेंगरलेली धमनी नुसत्या तुमच्या हातामुळेही आवाज करत राहते.

पहिल्यांदा तपासत असाल तर दोन्ही हातांचं घ्या. दहापेक्षा जास्त फरक सतत येत असेल तर पुढे जास्त येणाऱ्या हाताचं घेत जायचं, आणि तो हात कोणता हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहायचं. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला हात, ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात तो हात आणि सलाईन चालू असलेला हात सोडून द्या. फिस्टुल्यावर कफ फुगवला तर तो बंद पडू शकतो. ती चूक माफी मागून भरून निघत नाही.

गरोदर बाईचं बीपी ती डाव्या कुशीवर असताना वरच्या, म्हणजे उजव्या हातावर घेतलं, तर हात हृदयाच्या वर असतो आणि आकडा खोटा कमी येतो. प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा धोकादायक आजार) निसटण्याचा हा अगदी साधा मार्ग. बसवून घ्या. निदानासाठी १४०/९० किंवा जास्त असं चार तासांच्या अंतराने दोनदा दिसावं लागतं. पण वरचा १६० किंवा खालचा ११० यांतला एक जरी आकडा गाठला, तर चार तास बघायचे नसतात. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं आणि तोवर डॉक्टरांना कळवलेलं असायचं. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ, हे त्याच वेळी विचारून घ्या.

उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्याचं बीपी पाच मिनिटं आडवं ठेवून घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो पोश्चरल ड्रॉप. सोबत पल्स मोजायला विसरू नका. शरीरात पाणी किंवा रक्त कमी पडलं असेल तर बीपी उतरताना पल्स पळते. जुन्या मधुमेहात नसा बिघडलेल्या असतील तर बीपी कोसळूनही पल्स फारशी हलत नाही. एका पल्समधून इतकं कळत असताना ती न लिहिणं म्हणजे अर्धी चाचणी टाकून देणं. पेशंट डगमगला तर लगेच आडवा करा, आणि किती सेकंद उभा राहू शकला ते लिहा.

ऑटोमॅटिक मशीनबद्दल थोडंच. ते ठोके ऐकत नाही. कफमधल्या हवेची थरथर मोजतं, ती सगळ्यांत जास्त असते त्या बिंदूवरून सरासरी दाब धरतं आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून गणिताने काढतं. म्हणून अनियमित ठोके, कंप, थंडी वाजणं आणि फार खालावलेलं बीपी या चार ठिकाणी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मशीनने दोनदा एरर दाखवला तर तिसऱ्यांदा बटण दाबण्यापेक्षा हाताने घ्या. पेशंट शॉकमध्ये जात असताना बटण दाबत बसलेली सिस्टर हे दृश्य दुर्मीळ नाही.

घरभेटीत मशीनपेक्षा फर्निचर नडतं. पेशंट पलंगाच्या कडेवर, पाय लोंबकळत, पाठीला काही नाही. भिंतीला टेकवा, पायाखाली स्टूल सरकवा, हाताखाली उशी. पिशवीतला काट्याचा मॅनोमीटर बाहेर काढल्या काढल्या शून्यावर आहे का ते बघा, आणि शून्यावर असला म्हणूनही तो बरोबरच असेल असं समजू नका. एकदा पडला की आतली स्प्रिंग बिघडते. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचा. पेशंटकडे स्वतःचं मशीन असेल तर त्यालाच घ्यायला सांगा आणि गुपचूप बघत राहा. दोन मिनिटांत त्याच्या चुका कळतात. घरच्या नोंदींसाठी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आणि पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. या सरासरीची मर्यादा १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९० नाही.

बीपीवर इतकं बोलून झाल्यावर श्वास. माझ्या मते चार्टवरचा सगळ्यांत खोटा रकाना हाच. तीस खाटांचा वॉर्ड आणि सगळे मिनिटाला अठरा नाहीतर वीस श्वास घेतात. निमोनियावाला, मुतखडेवाला, परवा ऑपरेशन झालेला, सगळे अठरा.

गंमत अशी की तब्येत बिघडायला लागली की अनेकदा सगळ्यांत आधी हाच आकडा हलतो. रक्तात आम्ल साचायला लागलं, मग ते जंतुसंसर्गाचं असो, मधुमेहातल्या कीटोनचं असो वा किडनीचं, शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सांभाळायला बघतं, म्हणजे श्वास वाढवतं. बीपी तेव्हा अजून सांभाळलेलं असतं.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची पद्धत इथे कशी दगा देते, ते करून बघा. खरा दर २२. पंधरा सेकंदांत साडेपाच श्वास. तुम्ही मोजणार पाच किंवा सहा. म्हणजे लिहिणार २० किंवा २४. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज-२ स्कोअरमध्ये (पेशंट बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायची पद्धत) १२ ते २० ला शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन, २५ आणि वर तीन. खालच्या बाजूला ९ ते ११ ला एक आणि ८ किंवा कमी असेल तर थेट तीन. पाच मोजले तर गुण शून्य, सहा मोजले तर दोन. पेशंट तोच. म्हणून पूर्ण मिनिट.

पेशंटला सांगून मोजू नका. लक्ष गेलं की माणूस श्वास बदलतो. पल्स मोजून झाली की मनगट तसंच धरून ठेवा, त्याला वाटू दे अजून पल्सच चालू आहे, आणि नजर छातीवर न्या. हात पोटावर आडवा ठेवलेला असेल तर तो वरखाली होताना दिसतो. मोजता मोजता बाकीचंही टिपा: मानेचे स्नायू ओढले जातात का, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का, श्वास उथळ आहे की खोल. मॉर्फिनवरचा पेशंट दहा श्वास घेतोय पण छाती जेमतेम हलतेय आणि हाक मारल्यावर डोळे उघडायला वेळ लागतोय, तर ‘दहा’ हा आकडा तुमची समजूत काढतोय.

लहान मुलांत हीच मोजणी निदान ठरवते. खोकला असलेल्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा पाठ पाहिजेत: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाखाली ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त. मूल रडत असेल, दूध पीत असेल, तर थांबा. आईच्याच मांडीवर राहू दे. उचलून घेतलंत की रडलंच. सदरा वर करा, उजेड पोटावर पडू दे, आणि घड्याळ पोटाशेजारी एकाच नजरेत येईल असं धरा. मान वर-खाली करत मोजलं की श्वास हुकतात. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग भराभर येतो, हे त्याचं नेहमीचंच. अर्ध्या मिनिटाची मोजणी त्यामुळे निरुपयोगी. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं.

छातीत खड्डा पडतो का, हे बघताना मूल कमरेत वाकलेलं नको, वाकलेल्या मुलात काहीच नीट दिसत नाही. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायचा सोडून आत जातो आणि तो प्रत्येक श्वासाला जातो, तरच खड्डा म्हणायचं. फक्त फासळ्यांमधली कातडी ओढली जाणं वेगळं. शांत मूल श्वास घेताना घरघर नव्हे तर कर्कश आवाज करत असेल, दूध ओढत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले असतील किंवा जागं होत नसेल, तर मोजणी राहू द्या. त्याला पुढे पाठवायची तयारी करा.

बोटावरच्या ऑक्सिमीटरबाबत एकच आग्रह: ऑक्सिजन किती लिटरवर आहे ते लिहिल्याशिवाय टक्का लिहू नका. साध्या हवेवरचे ९६ आणि सहा लिटरवरचे ९६ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सकाळी दोन लिटरवर ९६ आणि दुपारी सहा लिटरवर ९६ म्हणजे पेशंट बिघडलाय, चार्ट मात्र सरळ रेघ दाखवतोय. बाकी, मशीनवरची पल्स बोटाने मोजलेल्या पल्सशी जुळत नसेल तर टक्काही सोडून द्या. गार बोटं, नेलपॉलिश, हालचाल यांनी तो बिघडतो. सावळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. धुरात कोंडलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडमुळे छान दिसतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो. हिमोग्लोबिन पाचवर आलेल्या बाईचाही टक्का ९९ असू शकतो. टक्का हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो, किती आहे ते नाही. जुन्या सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घ आजारात) ज्यांचा कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२. ‘९९ आलं, मस्त’ म्हणून खूश होऊ नका, ऑक्सिजन कमी करायला विचारा.

पल्स अंगठ्याने बघू नका, तुमचीच लागते. नियमित असेल तर अर्धं मिनिट पुरतं, एखादा ठोका जरी मागेपुढे झाला तर पूर्ण मिनिट, आणि मग छातीवर स्टेथो ठेवून एपेक्सचं, म्हणजे हृदयाच्या टोकाशी ऐकू येणारे ठोके. दोघींनी एकाच घड्याळावर एकीने मनगट, दुसरीने छाती धरली आणि छातीवर ९८, मनगटावर ७६ आलं, तर २२ ठोके हातापर्यंत पोचतच नाहीयेत. डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) द्यायच्या आधी मोठ्या माणसात एपेक्स एक मिनिट मोजायचं, साठाखाली असेल तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना फोन.

तापाचं काखेतलं थर्मामीटर घाम पुसून, टोक काखेच्या खोलात, हात घट्ट आणि बीप वाजेपर्यंत. नवजात बाळात वाढलेल्या तापाइतकंच ३६.५ च्या खालचं तापमानही धोक्याचं. आईच्या छातीला त्वचेला त्वचा लावून ठेवा आणि अर्ध्या-एक तासाने पुन्हा बघा.

राहिलं लिहिणं. नोंद अशी दिसली पाहिजे: ‘१०.१० वा., बीपी १४६/८८, उजवा हात, बसून, मोठा कफ, दुसरं १०.१२ ला १४२/८६. पल्स ८४ नियमित. श्वास २२, पूर्ण मिनिट. ऑक्सिजन ९४%, नाकातून दोन लिटर.’ मोजता आलं नाही तर तसं लिहा, कारणासकट: ‘पेशंट एक्स-रेला गेला होता.’ आणि दहाचे आकडे बाराला आठवून एकत्र भरू नका, कारण तोवर प्रत्येक श्वास पुन्हा अठरा झालेला असतो.